दहा बाय दहाच्या खोलीसाठी शांत ग्राफिक कार्ड

प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. पुण्यातला टू बीएचके. बेडरूममध्येच टेबल, त्यावर रायझन ५ ३६०० प्रोसेसर, बी४५० मदरबोर्ड, सेकंडहँड घेतलेलं एएमडीचं आरएक्स ५८० ग्राफिक कार्ड (८ जीबी), ५५० वॅटचा ब्रॉन्झ दर्जाचा एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) आणि १०८०पी, १४४ हर्ट्झचा २४ इंची मॉनिटर. लहान मुलगी त्याच खोलीत झोपते. ती झोपली की साडेदहा ते दीड खेळायचं. कार्ड ‘मिक्सरसारखं’ ओरडतं, मुलगी उठते आणि पुढचं सगळं वातावरण बिघडतं. पस्तीस हजारांपर्यंत कमी आवाजाचं, कमी वीज खाणारं कार्ड हवंय. दुकानदार म्हणतो, तीन पंख्यांचं मोठं कार्ड घ्या, प्रश्न मिटला.

मी पंधराएक वर्षं लोकांना पीसी जोडून देतोय. ‘आवाज येतो’ ही तक्रार घेऊन आलेल्यांपैकी बऱ्याच जणांनी चुकीची वस्तू बदललेली असते. म्हणून आज रात्री पैसे न खर्चता एक काम करा. एमएसआय आफ्टरबर्नर (कार्डाचे पंखे, वेग, व्होल्टेज हाताळायचं सॉफ्टवेअर) उघडा, गेम चालू ठेवा आणि कार्डाचे पंखे दोन मिनिटांसाठी हातानं ३० टक्क्यांवर आणून ठेवा. (दोनच मिनिटं, तापमानावर डोळा ठेवून.) आवाज पडला तर दोषी कार्डच. नाही पडला तर तो प्रोसेसरवरच्या पंख्याचा आहे किंवा एसएमपीएसचा. तुमच्या ३६०० सोबत डब्यात येतो तो रेथ स्टेल्थ नावाचा बुटका कूलर. ३६०० चं तापमान क्षणात दहा-पंधरा अंश उसळतं, पुन्हा खाली येतं, आणि पंखा त्याच्या मागे धावतो. ब्राउझर उघडला तरी सूंऽ, बंद केला की गप्प. तसं असेल तर १२० मिलिमीटर पंख्याचा साधा टॉवर कूलर बसवा. कार्डाच्या किमतीपुढे तो खर्च किरकोळ आहे.

आवाजाची जातही ऐका. एकसारखा ‘सूं’ म्हणजे हवेचा आवाज, तो वेग कमी केला की कमी होतो. ‘खरखर’ किंवा ‘टकटक’ म्हणजे पंख्याचं बेअरिंग गेलंय, तिथे सेटिंग बदलून काही होत नाही, पंखाच बदलायचा. आणि बारीक ‘चीं’ म्हणजे कॉइल, तिच्याबद्दल पुढे सांगतो. आरएक्स ५८० बाजारात आलं २०१७ मध्ये. सेकंडहँड म्हणजे आधीच्या मालकानं त्यावर काय काय केलं देव जाणे. चिप आणि हीटसिंक (उष्णता शोषणारा धातूच्या पात्यांचा ठोकळा) यांच्यामधली थर्मल पेस्ट बहुधा वाळून खडू झाली असेल, आणि हीटसिंकच्या पात्यांमध्ये पुण्याची बांधकामाची धूळ नमद्यासारखी बसलेली असेल. एकदा ब्लोअर मारून, पेस्ट बदलून बघा. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटानं धरून ठेवायचं, मोकळं सोडलं की ते वाऱ्यानं भन्नाट फिरतं आणि बेअरिंगचं आयुष्य खातं.

इतकं करूनही भागत नसेल तर नवीन कार्डाकडे वळू.

कार्डात गेलेला प्रत्येक वॅट शेवटी उष्णता होऊन तुमच्या खोलीत बाहेर पडतो. पंख्याचं काम फक्त ती उष्णता चिपवरून उचलून खोलीत टाकायचं. आरएक्स ५८० चा अधिकृत आकडा आहे १८५ वॅट. प्रोसेसर, मॉनिटर वगैरे धरून खेळताना तुमचा सगळा संच तीनशे वॅटच्या आसपास जात असणार. शांत बसलेला माणूस साधारण १०० वॅट उष्णता देतो. म्हणजे दार लावलेल्या दहा बाय दहाच्या खोलीत रोज रात्री तीन पाहुणे येऊन तीन तास बसतात, असं समजा. खोली तापते ती यामुळे, आणि पंख्यानं किती कष्ट करायचे हेही इथेच ठरतं. म्हणून कार्ड निवडताना मी पंख्यांची संख्या शेवटी बघतो, वॅट आधी.

वॅट कमी होतात ते कंपनीच्या चांगुलपणामुळे नाही, चिप कारखान्यात कुठल्या प्रक्रियेवर बनली त्यामुळे (नॅनोमीटरचा आकडा लहान, तर सहसा वीज कमी). २०१० चं एनव्हिडियाचं जीटीएक्स ४८० हे २५० वॅटचं कार्ड तापण्यासाठी इतकं बदनाम झालं की त्यावर अंडी तळण्याचे विनोद झाले. २०१४ मध्ये जीटीएक्स ७५० टीआय आलं, अवघ्या ६० वॅटचं, वेगळी वायरही न लागणारं, कारण मदरबोर्डचा स्लॉटच ७५ वॅटपर्यंत देऊ शकतो. अलीकडची मोठी उडी आरटीएक्स ३०६० वरून ४०६० कडे झाली. ३०६० सॅमसंगच्या ८ नॅनोमीटर प्रक्रियेवरचं, १७० वॅट. ४०६० तैवानच्या टीएसएमसीच्या पाच नॅनोमीटर गटातल्या ‘४एन’ प्रक्रियेवरचं, ११५ वॅट, आणि तरी थोडं जास्त वेगवान.

इथून पुढे मात्र ‘नवीन म्हणजे कमी वीज’ हे समीकरण चालत नाही. एनव्हिडियाची नवी ५० मालिकाही त्याच ‘४एन’ कुटुंबातल्या प्रक्रियेवर आहे. वेग वाढवायला त्यांनी वॅट वाढवले. ४०६० होतं ११५, ५०६० आहे १४५. ४०६० टीआय १६०, ५०६० टीआय १८०. ४०७० होतं २००, ५०७० आहे २५०. यात वाईट काही नाही, काम जास्त होतं. पण दुकानात ‘लेटेस्ट आहे साहेब, वीज कमी खातं’ असं कोणी म्हणालं तर हे आकडे डोक्यात असू द्या.

आता आपल्याकडची खरी अडचण. युरोप-अमेरिकेतल्या परीक्षणांत कार्ड ६८ अंशांवर, कुजबुजल्यासारखं चालताना दिसतं, कारण त्यांची खोली २० ते २२ अंशांवर असते. एप्रिलमध्ये तुमची बेडरूम रात्री अकरालाही ३३-३४ च्या खाली येत नाही. नागपूर-अकोल्याकडच्यांचं तर विचारूच नका. उष्णता वाहते ती चिप आणि हवा यांच्या तापमानातल्या फरकावर. तिकडे तो फरक ४७ अंशांचा असतो, तुमच्या ३४ च्या खोलीत तेच ६८ टिकवायचं म्हटलं तर उरतो ३४. तेवढीच उष्णता कमी फरकात वाहून न्यायची म्हणजे हवा किमान ४० टक्के जास्त फेकावी लागणार, आणि प्रत्यक्षात त्याहून अधिक, कारण हवा दुप्पट केली म्हणून हीटसिंकची क्षमता दुप्पट होत नाही. पंख्याचा वेग ४० टक्के वाढला की आवाज ७ डेसिबलच्या वर चढतो. परीक्षणात ‘शांत’ ठरलेलं कार्ड पुण्यात मे महिन्यात शांत राहत नाही ते यामुळे.

उपाय दोन. एक तर परीक्षणात खूप मोकळीक दिसेल असं कार्ड घ्यायचं, म्हणजे पंखे पूर्ण भारावरही हजार-बाराशे फेऱ्यांवर आणि तापमान साठीत. दुसरा उपाय फुकट आहे: कार्डाला गरम होऊ द्या. साठ अंशांचा हट्ट हा आपल्याकडचा विनाकारणाचा सोस आहे. ग्राफिक कार्डाची चिप ७५ ते ७८ अंशांवर वर्षानुवर्षं निवांत चालते. हवा आणि चिप यांतला फरक वाढला की पंख्याला आपोआप आराम मिळतो.

पंख्यांचं गणित एकदा नीट समजून घेण्यासारखं आहे. पंख्याचा वेग निम्मा केला की आवाज साधारण १५ डेसिबलनं उतरतो. १० डेसिबल उतरले की कानाला आवाज निम्मा झाल्यासारखा वाटतो. नुसता एक पंचमांश वेग काढून घेतला तरी जवळपास ५ डेसिबल जातात. म्हणून शांतता हवी तर मोठे पंखे आणि सावकाश फेऱ्या. आणि पंखे सावकाश फिरावेत तर त्यांच्यामागे पात्यांचा पसारा मोठा हवा. तुमचा दुकानदार इथे अर्धा बरोबर आहे. १४५ वॅटच्या चिपवर एखाद्या कंपनीनं २०० वॅट झेपेल असा हीटसिंक बसवला असेल तर ते कार्ड उत्तम शांत चालतं, मग पंखे दोन असोत की तीन. पण तीन पंखे दाखवून तो तुम्हाला २५० वॅटचं कार्ड देणार असेल तर ‘मिक्सर’ जाऊन ‘कूलर’ येईल, एवढंच.

दुकानात बघायचं ते असं. डबा हातात घ्या, वजन बघा. एकाच चिपच्या दोन कार्डांत जड असलेलं सहसा शांत निघतं, आत तांब्याच्या नळ्या आणि पाती जास्त असतात. जाडी अडीच स्लॉट असेल तर चांगलं, कॅबिनेटमध्ये मावतंय का तेवढं मोजून जा. एक पंख्याची आखूड कार्डं छोट्या कॅबिनेटसाठी असतात, शांततेसाठी नव्हे. नावापुढे ‘ओसी’ (कारखान्यातच वेग वाढवलेलं) असेल तर दोन-चार टक्के वेगासाठी वॅट आणि पैसे दोन्ही जास्त जातात, त्याचा मोह नको. काही कार्डांवर बायोसचा (कार्डातल्या मूळ सेटिंगचा) छोटा खटका असतो, एका बाजूला ‘सायलेंट’. तो असला तर पहिल्या दिवशीच तिकडे सरकवा. आणि सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट: पंख्याची किमान गती. स्वस्त कार्डांचे पंखे एकदा चालू झाले की ठरावीक टक्क्यांच्या खाली जातच नाहीत. मग बाकी सगळं नीट करूनही एक भुणभुण कायम राहते.

परीक्षणातले डेसिबलचे आकडे वाचताना एकच पथ्य: दोन वेगवेगळ्या ठिकाणचे आकडे एकमेकांशी ताडून बघू नका. कोणी माइक अर्ध्या मीटरवर ठेवतो, कोणी त्याहून लांब, कोणी उघड्या टेबलावर मोजतो. एकाच जागी मोजलेली पाच-सहा कार्डं एकमेकांशी ताडा. टेकपॉवरअप या वेबसाइटवर एकाच चिपच्या वेगवेगळ्या कंपन्यांच्या कार्डांची वेगवेगळी परीक्षणं मिळतात, आणि त्यात नुसतं गेमिंग नाही तर रिकामं असताना, दोन मॉनिटर लावल्यावर आणि व्हिडिओ बघताना किती वॅट जातात तेही असतं. मी ग्राहकाला कार्ड सुचवण्याआधी तिथेच डोकावतो.

विजेच्या बिलाचं खरं सांगतो, कारण या मुद्द्यावर फार फेकाफेक चालते. समजा आरएक्स ५८० १८५ वॅट खातं आणि नवीन कार्ड तुम्ही लगाम घालून १०० वॅटवर चालवलं. फरक ८५ वॅट, साध्या छताच्या पंख्यापेक्षा थोडा जास्त. रोज तीन तास, तीस दिवस, म्हणजे साडेसात युनिटच्या वर. तुमचा ब्रॉन्झ एसएमपीएस १०० वॅट द्यायला भिंतीतून जवळपास ११८ ओढतो, ते धरून ९ युनिट. महावितरणचे दर टप्प्याटप्प्यानं चढतात, आणि गेमिंगची युनिटं ही घरखर्चाच्या वरची, म्हणून ती तुमच्या सगळ्यात महाग टप्प्यात पडतात. युनिटला १२ रुपये धरू. तुमचा नेमका दर बिलाच्या मागच्या बाजूला बघा. महिन्याला १०८ रुपये, वर्षाला तेराशे. पस्तीस हजारांचं कार्ड बिलातून वसूल व्हायला सत्तावीस वर्षं लागतील. तेव्हा बिलासाठी कार्ड बदलू नका. आवाजासाठी, खोलीतल्या उकाड्यासाठी आणि चांगल्या गेमसाठी बदला. महिन्याचा आकडा ३०० युनिटच्या काठावर घुटमळत असेल तर ही नऊ युनिटं थोडी जास्त टोचतील, एवढंच.

त्यापेक्षा एक गोष्ट कोणी मोजत नाही. घरून काम करणाऱ्याचा पीसी दिवसभर चालू असतो. दोन मॉनिटर लावले, त्यातला एक जास्त हर्ट्झचा असला, तर काही कार्डांची मेमरी पूर्ण वेगावर अडकून राहते आणि कार्ड नुसतं बसून वीस-पंचवीस वॅट जास्त खातं. वीस वॅट, दहा तास, तीस दिवस: सहा युनिट. रात्रीच्या खेळातून वाचवलेलं बरंचसं दिवसा एक्सेल उघडून घालवलं. शिवाय अशा वेळी कार्ड गार पडत नाही, म्हणून पंखे थांबण्याची सोय असूनही थांबत नाहीत. उपाय सोपा आहे, दिवसा मॉनिटर ६० हर्ट्झवर आणून बघा.

आता तुमच्यासाठी कार्ड. तुमचं मदरबोर्ड बी४५०, म्हणजे कार्ड बसतं तो स्लॉट जुन्या पिढीचा, पीसीआयई ३.०. आरटीएक्स ४०६०, ५०६०, ५०६० टीआय आणि आरएक्स ७६०० ही सगळी कार्डं सोळाऐवजी आठच लेनवर (डेटाच्या ये-जा करायच्या वाटांवर) चालतात. नव्या बोर्डावर ते जाणवत नाही. जुन्या बोर्डावर जाणवतं ते कार्डाची ८ जीबी मेमरी भरल्यावर, कारण मग उरलेला माल त्या अरुंद रस्त्यानं ये-जा करू लागतो आणि गेम अडखळतो. एएमडीचं आरएक्स ९०६० एक्सटी पूर्ण सोळा लेनचं आहे, १६ जीबीत मिळतं आणि अधिकृत आकडा १६० वॅट. तुमच्या बोर्डावर, पुढची चार-पाच वर्षं काढायची असतील, तर माझी पहिली पसंती हीच: १६ जीबीचं, कारखान्यातून फुगवलेलं नसलेलं, दोन मोठ्या पंख्यांचं, आणि घरी आणल्यावर पॉवर लिमिट (वॅटची कमाल मर्यादा) खाली ओढलेलं. भाव रोज हलतात. ते पस्तीस हजारांत बसलं तर प्रश्नच नाही.

बसलं नाही, तर आरटीएक्स ५०६०. १४५ वॅट, ८ जीबी. १०८०पी वर टेक्स्चर ‘अल्ट्रा’ऐवजी ‘हाय’ ठेवायची तयारी असेल तर ८ जीबी आजही चालतात, पण मेमरीची ही मर्यादा डोळे उघडे ठेवून स्वीकारा. कुठे ४०६० चा नवा माल वॉरंटीसह मिळाला तर तुमच्या कामाला ते याहूनही बरं. ११५ वॅटच्या चिपवर जरा बरा हीटसिंक असला की पंखे फिरताहेत का हे वाकून बघावं लागतं. इंटेलचं आर्क बी५८० १२ जीबीमुळे मोहात पाडतं, पण १९० वॅट आणि ३६०० सारख्या जुन्या प्रोसेसरवर त्याचा ड्रायव्हर अडतो. तुमच्यासाठी नको.

९०६० एक्सटी, ५०६० आणि ४०६० या तीनही कार्डांना तुमचा ५५० वॅटचा एसएमपीएस पुरतो, आणि बहुतेक मॉडेलांना एकच आठ पिनांची वायर लागते. एसएमपीएस फार जुना नसेल तर तो बदलायला लावणाऱ्यांकडे दुर्लक्ष करा. बिनपंख्याची कार्डंही असतात, आरटीएक्स ३०५० च्या ६ जीबी, ७० वॅटच्या चिपवर पालिट कंपनीनं तसं एक काढलंय. त्यात पंखा नाही म्हणजे कॅबिनेटच्या पंख्यांनी ते काम करायचं, आणि तुमच्या गेमांना ती चिप अपुरी पडेल.

कार्ड आणल्यावर निम्मं काम बाकी असतं, आणि बहुतेक जण तिथेच थांबतात. सर्वांत मोठा फरक पडतो फ्रेमची मर्यादा घातल्यानं. व्हॅलोरंटसारखा हलका गेम मोकळा सोडला की कार्ड सेकंदाला तीनशे फ्रेम काढत बसतं आणि तुमचा मॉनिटर त्यातल्या १४४ दाखवतो. उरलेली सगळी मेहनत उष्णता होऊन खोलीत. स्पर्धेच्या गेमला १४१ ची मर्यादा घाला, कथेच्या गेमला ८० किंवा ९०. फ्रीसिंक (मॉनिटरचा वेग फ्रेमशी जुळवणारी सोय) चालू असेल तर डोळ्याला फारसं कळत नाही. ड्रायव्हरमध्येच ही सोय असते, वेगळं काही लागत नाही. मेन्यूमध्ये उभं असताना कार्ड का ओरडतं याचंही उत्तर हेच: मेन्यूत काढण्यासारखं काही नसतं, म्हणून फ्रेम हजाराच्या घरात जातात.

मग व्होल्टेज. चिपचा वीजखर्च व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात जातो. १.०५ व्होल्टऐवजी ०.९० व्होल्टवर तेवढाच वेग टिकला, तर चिपचा तो खर्च सुमारे चतुर्थांशानं उतरतो. कंपनी प्रत्येक चिपला थोडं जास्त व्होल्टेज देते, कारण लाखो चिपांतली सगळ्यात अशक्त चिपही त्यात चालली पाहिजे. तुमची चिप बहुधा तितकी अशक्त नसते. एनव्हिडियाच्या कार्डावर आफ्टरबर्नरमध्ये कंट्रोल आणि एफ दाबलं की आलेख उघडतो. ०.९० ते ०.९५ मधला एक बिंदू हव्या त्या वेगापर्यंत उचला, त्यापुढची रेष सपाट करा. एएमडीला त्यांच्याच सॉफ्टवेअरमध्ये व्होल्टेजची पट्टी आहे. पंचवीस-पंचवीस मिलिव्होल्टनं उतरा, प्रत्येक पायरीला तासभर खरा गेम खेळा. गेम बंद पडला तर एक पायरी वर या. यात कार्ड जळत नाही. हे किचकट वाटलं तर नुसतं पॉवर लिमिट ८० टक्क्यांवर आणा. फ्रेम थोड्याच कमी होतात, पंखा बराच उतरतो. (काही कार्डं इतकं खाली जाऊ देत नाहीत, तिथे जेवढं जाईल तेवढं.)

आणि हो, हे सगळं आधी तुमच्या आरएक्स ५८० वरच करून बघा. त्या पिढीच्या चिपा गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज पिण्यासाठीच प्रसिद्ध आहेत. ११५० मिलिव्होल्टवरून १०५० वर आणलं आणि वेग थोडा उतरवला, तर वर्गाच्याच हिशोबानं चिपचा खर्च सुमारे सतरा टक्क्यांनी घटतो. वर फ्रेमची मर्यादा ७५ घातली की कदाचित तुम्हाला तुमचं कार्ड ओळखूच येणार नाही. मी असं करून दिल्यावर दोघा-तिघांनी नवीन कार्डाचा बेत वर्षभर पुढे ढकललाय. धंद्याच्या दृष्टीनं मूर्खपणा, पण असो.

पंख्याच्या आलेखाबद्दल एकच सूचना. माणसाच्या कानाला, आणि झोपलेल्या लेकराच्या कानाला तर नक्कीच, एकसारखा आवाज चालतो, चढ-उतार चालत नाहीत. बहुतेक कार्डं पन्नास-साठ अंशांच्या खाली पंखे थांबवतात. ऐकायला छान, पण त्या सीमेवर कार्ड घुटमळलं की पंखा दर मिनिटाला चालू-बंद, चालू-बंद. आफ्टरबर्नरमध्ये हिस्टेरिसिस नावाचा आकडा आहे, तो पाच अंशांच्या आसपास ठेवा. म्हणजे एकदा चढलेला पंखा तापमान तेवढं उतरल्याशिवाय खाली येत नाही. आलेख ५५ ते ७५ अंशांपर्यंत जवळजवळ आडवा ठेवा, ७८ नंतर चढवा.

एक गंमत वर्षानुवर्षं बघतोय. आवाजाच्या तक्रारी उन्हाळ्यापेक्षा डिसेंबरात जास्त येतात. उन्हाळ्यात कार्ड खरं तर जास्त ओरडतं, पण वरचा छताचा पंखा पाचवर असतो, त्यात सगळं बुडून जातं. थंडीत पंखा बंद झाला की खोलीत कार्ड एकटंच उरतं. म्हणून नवीन कार्ड तपासायचं ते खोलीतला पंखा बंद करून, रात्री.

ती तपासणी मुख्यतः कॉइलच्या ‘चीं’साठी. कार्डावरच्या छोट्या कॉइल वीज वाहताना थरथरतात, फ्रेम जितक्या जास्त तितका आवाज बारीक आणि टोचणारा. एकाच मॉडेलच्या दोन कार्डांत एक गप्प, दुसरं किरकिरं, असं होतं. परीक्षण वाचून हे कळत नाही. मी स्वतः एकदा घरासाठी चांगलं महागाचं कार्ड आणलं, पंखे अगदी शांत, आणि कॉइल मात्र रातकिड्यासारखी. दुकानदार म्हणाला, कार्ड चालतंय ना, मग हा दोष नाही. नियमानं त्याचंच खरं होतं. तेव्हापासून पैसे देण्याआधी विचारतो: कॉइलचा आवाज आला तर आठवड्यात बदलून द्याल का? पुण्याच्या तपकीर गल्लीत काय किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला काय, तोंडावर विचारलं की ‘हो’ म्हणणारे भेटतात; ते बिलावर लिहून घ्यायचं. फ्रेमची मर्यादा घातली की ही किरकिर बरीच कमी होते, हेही खरं.

सेकंडहँडचा विचार मनात असेल तर सप्टेंबर २०२२ लक्षात ठेवा. त्या महिन्यात इथेरियम या आभासी चलनाचं, ग्राफिक कार्डं राबवून चालणारं माइनिंग बंद झालं आणि अहोरात्र राबवलेली कार्डं बाजारात ओतली गेली. त्यांतल्या चिपा बऱ्याचदा ठीक असतात, पंखे नसतात. शांत कार्ड शोधणाऱ्यानं तिकडे न गेलेलं बरं.

कॅबिनेटकडे शेवटी आलो, पण तुम्ही पाठवलेल्या फोटोत टेबलाच्या कडेला सुतारानं ‘सीपीयूसाठी’ केलेला दारवाला कप्पा दिसतोय. त्याचं दार आजच काढा, मागची फळीही जमल्यास. त्या कप्प्यात कार्ड स्वतःचीच गरम हवा पुन्हा पुन्हा गिळतं. बाहेर ३४ असताना आत सहज ४२ असेल. पुढच्या बाजूला काच असलेलं कॅबिनेट असेल तर जाळीचं घ्या, आत १४० मिलिमीटरचे दोन पंखे सावकाश फिरू द्या. आणि कॅबिनेट मुलीच्या पलंगापासून लांबच्या बाजूला, जमिनीवर चार बोटं उंच लाकडी पाटावर ठेवा.

राहिला यूपीएस. तुमच्याकडचा ६०० व्हीएचा असेल तर तो सहसा ३६० वॅटपर्यंतच झेपवतो. सध्या खेळताना वीज गेली की तो कधी टिकतो, कधी चीं करून मान टाकतो, असं होत असेल. लगाम घातलेलं ५०६० किंवा ९०६० एक्सटी लावलं की गेम सेव्ह करून नीट बंद करण्याइतका वेळ मिळेल.

तर क्रम असा धरा: आज दोन मिनिटांची पंख्याची चाचणी, शनिवारी ब्लोअर आणि पेस्ट, त्याच दिवशी ५८० चं व्होल्टेज आणि फ्रेमची मर्यादा. आठवडाभर तसंच खेळा. मुलगी तरीही उठत असेल तर ९०६० एक्सटीचे भाव काढा, आणि दुकानात जाण्याआधी कॅबिनेटची आतली लांबी टेपनं मोजून घ्या.